नवा जन्म आणि जुने घर

एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती समाजाचा इतिहास बहुधा मिशनांच्या किंवा वादविवादांच्या अंगाने सांगितला जातो. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ च्या अखेरीस अहमदनगरला पोहोचले, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू झाला, शाळा निघाल्या, छापखाने निघाले आणि शास्त्री-पंडितांशी पत्रिकांमधून व सभांमधून वाद झडले, असा तो क्रम असतो. या क्रमात ज्याला फारशी जागा मिळत नाही ते म्हणजे धर्मांतरिताचे घर. ज्या माणसाने बाप्तिस्मा घेतला, म्हणजे पाण्याचा संस्कार घेऊन ख्रिस्ती मंडळीत प्रवेश केला, त्याच्या स्वतःच्या समजुतीप्रमाणे त्याचा नवा जन्म झालेला असे. त्याच्या आईच्या, पत्नीच्या किंवा भावाच्या दृष्टीने मात्र तो बाटलेला असे, बुडालेला असे आणि पुष्कळदा मेलेलाच असे. एकाच घटनेचे हे दोन अर्थ एकाच छपराखाली कसे नांदले, किंवा नांदू शकले नाहीत, हे पाहिल्याशिवाय त्या काळातील श्रद्धेचा इतिहास पुरा होत नाही.

ख्रिस्ती शिकवणीत या नव्या जन्मापुढे आणखी एक टप्पा सांगितलेला आहे. बाप्तिस्म्याने माणूस एका दिवसात संत होत नाही. त्यानंतर आयुष्यभर त्याचा स्वभाव, त्याची बोलण्या-वागण्याची रीत आणि त्याचे मन हळूहळू पालटत जावे अशी अपेक्षा असते, आणि या प्रदीर्घ वाढीला पवित्रीकरण असे म्हणतात. अडचण अशी की ही वाढ आतली असते, आणि ती बाहेरून पारखायची झाली तर पारखणारा जवळचाच लागतो, कारण माणूस पूर्वी कसा होता हे त्यालाच ठाऊक असते. पण नेमक्या त्या जवळच्याच माणसाच्या मनात जुना माणूस इतका पक्का बसलेला असतो की नवा त्याच्या नजरेत भरत नाही. शुभवर्तमानांना, म्हणजे येशूचे चरित्र व शिकवण सांगणाऱ्या चार ग्रंथांना, ही अडचण पुरती ठाऊक आहे. मार्कच्या शुभवर्तमानात नासरेथच्या गावकऱ्यांना येशूमध्ये आपल्या ओळखीचा सुतार आणि मरीयेचा मुलगा यापलीकडे काही दिसत नाही. त्याच्या आधीच्या एका प्रसंगात तर त्याच्या घरचेच लोक, त्याचे भान सुटले आहे असे समजून, त्याला आवरून घरी न्यायला निघतात. उधळ्या मुलाच्या दाखल्यात पश्चात्ताप करून परतलेल्या धाकट्याला बाप कवटाळतो, पण थोरला भाऊ घरात पाऊल टाकायला तयार होत नाही. पौलाचे उदाहरण तर याहून बोलके आहे, कारण त्याचे परिवर्तन ओळखायला जे कचरले ते यरुशलेमेतील ख्रिस्ती शिष्यच होते, आणि बर्णबा नावाच्या एका माणसाने त्याच्यासाठी शब्द टाकला तेव्हाच त्याला मंडळीत घेतले गेले.

मराठी धर्मांतरितांना या कथांचा मोठा आधार मिळाला, हे त्यांच्या लेखनावरून दिसते. घरच्यांनी पाठ फिरवली तरी आपण एका जुन्या वाटेवरूनच चाललो आहोत ही भावना त्यांना तगवून धरी. पण या आधाराला दुसरीही बाजू होती, ती म्हणजे घरच्यांचे प्रत्येक दुःख नासरेथच्या आंधळेपणात जमा करून टाकण्याची सोय. पत्नी रडते ती केवळ अज्ञानामुळे, आई अन्न टाकते ती केवळ अंधश्रद्धेमुळे, असे मानणारा धर्मांतरित स्वतःही समोरच्या माणसाला ओळखत नव्हता, आणि या इतिहासातील पुष्कळशी कटुता या दुहेरी अनोळखीतून आली आहे.

घरच्यांची बाजू समजून घ्यायची तर त्यांच्या हाती कोणते विधी होते ते पाहावे लागते. जातीबाहेर गेलेल्या माणसासाठी धर्मशास्त्रात घटस्फोटाचा विधी सांगितलेला आहे. मनुस्मृतीप्रमाणे नातलगांनी अशुभ दिवशी, सायंकाळी, गावाबाहेर जमून त्या जिवंत माणसाच्या नावाने मृताप्रमाणे उदक द्यावे, दासीने पाण्याने भरलेला घट पायाने उलथवावा, सर्वांनी एक अहोरात्र सुतक पाळावे, आणि तेथून पुढे त्याच्याशी बोलणे, एकत्र बसणे, वारसा देणे आणि सर्व लौकिक व्यवहार बंद करावेत. त्याच ग्रंथात परतीची वाटही दिलेली आहे: प्रायश्चित्त घेतलेल्या माणसाबरोबर नातलगांनी पवित्र जलाशयात स्नान करावे आणि नवा भरलेला घट त्या पाण्यात सोडावा. म्हणजे माणूस बदलू शकतो ही कल्पना त्या व्यवस्थेला परकी नव्हती. मात्र तिला बदलाच्या दोनच दिशा ठाऊक होत्या, पतन आणि परत येणे. आपल्याच वाटेने पुढे जाऊन कोणी अधिक चांगला होऊ शकतो, ही तिसरी दिशा दाखवणारा विधी त्या घरांपाशी नव्हता, आणि म्हणून मुलगा पूर्वीपेक्षा सत्यवचनी किंवा शांत झाला आहे असे आईला जाणवले तरी ते मांडून दाखवायला तिला जागा नव्हती.

१८४३ साली मुंबईत या दोन्ही बाजू उघडपणे समोरासमोर आल्या. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांचा सुमारे बारा वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनच्या घरी राहू लागला. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने मुलगा अज्ञान आहे असे ठरवून त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. येथवरचा निवाडा सोपा होता. खरा पेच नंतर पडला. मिशनऱ्यांच्या घरी अन्नोदक घेतलेल्या या मुलाला जातीत परत घ्यावे की नाही यावर ब्राह्मण समाजात दोन तट पडले. बाळशास्त्री जांभेकर आणि त्यांच्या बाजूचे लोक प्रायश्चित्त देऊन त्याला शुद्ध करून घ्यावे या मताचे होते, तर विरुद्ध पक्षाला तेवढेही मान्य नव्हते, आणि शुद्धीच्या बाजूने उभे राहणाऱ्यांनाच बहिष्काराची झळ लागली. या सगळ्या गदारोळात श्रीपतच्या मनात काय चालले होते हे जाणून घेण्याची गरज जवळजवळ कोणालाच वाटली नाही. मिशनच्या लेखी तो हिरावून नेलेला आत्मा होता आणि जातीच्या लेखी सोडवायचा किंवा टाकायचा प्रश्न. बारा वर्षांचा मुलगा म्हणून त्याच्याकडे पाहणे दोन्हीकडे राहून गेले.

सरकारने या घरगुती प्रश्नात दोनदा कायद्याने हात घातला. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म किंवा जात सोडल्यामुळे वारसाहक्क बुडणार नाही असे ठरवले, त्यामुळे घट उलथवला तरी वाटणीचा हक्क कागदावर शाबूत राहू लागला. १८६६ चा धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा याहून विलक्षण होता. धर्मांतराच्या कारणाने जोडीदाराने सलग सहा महिने सोडून दिले किंवा नाकारले तर धर्मांतरिताला न्यायालयात जाता येई. न्यायाधीश त्या जोडीदाराला प्रत्यक्ष विचारी की नांदायचे नाही याचे कारण धर्मांतर हेच आहे काय. उत्तर होकारार्थी आले तर प्रकरण वर्षभर तहकूब होई, मधल्या काळात दोघांची भेट घडवून आणता येई, आणि वर्ष सरल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारून मगच विवाह मोडला जाई. कोरड्या कलमांच्या या कायद्यात माणसाच्या मनाची एक जाण दिसते, ती अशी की बदललेल्या माणसाची ओळख पटायला वेळ लागतो आणि तो वेळ द्यायला हवा. वर्षभराची मुदत पुरेशी होती का, हा प्रश्न वेगळा. नारायण वामन टिळकांच्या घरी, पुढे दिसेल त्याप्रमाणे, ती पुरली नसती.

कायद्याने हक्क मिळाला तरी मान्यता मिळत नव्हती, आणि ती मिळवण्यासाठी धर्मांतरितांनी जे साधन हाती घेतले ते लेखणीचे होते. ख्रिस्ती मंडळीत ‘साक्ष’ देण्याची रीत आहे, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते चारचौघांत उभे राहून सांगण्याची. मराठीत या साक्षीने छापील आत्मचरित्राचे रूप घेतले. बाबा पदमनजी हे त्यातले अग्रणी. १८३१ साली बेळगावात त्वष्टा कासार जातीत जन्मलेल्या पदमनजींनी मिशनच्या शाळांत शिक्षण घेतले, जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस मंडळीत ते वावरले, मनाने ख्रिस्ताकडे कलल्यावरही आईवडिलांच्या दुःखाच्या धास्तीने बराच काळ थांबून राहिले, आणि शेवटी १८५४ च्या सप्टेंबरात बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८५७ मधील त्यांच्या ‘यमुनापर्यटन’ या कादंबरीत मिशनच्या शाळेत शिकलेली यमुना विधवा होते, आणि तिच्या मनात उगवलेली नवी समज सासरच्या कोणालाही दिसत नाही. दिसतात ते फक्त तिच्या डोक्यावरचे केस, जे उतरवायचे आहेत. स्वतःचा प्रवास पदमनजींनी पुढे ‘अरुणोदय’ या १८८८ मधील आत्मचरित्रात सांगितला. पुस्तकाच्या नावातच पहाट आहे, म्हणजे भर दुपारच्या तेजाचा दावा नाही, आणि हा संयम महत्त्वाचा आहे. शंका, लपवाछपवी, घरच्यांसमोर धरलेले मौन, पुन्हा पुन्हा माघार, हे सर्व त्यांनी ज्या तपशिलाने लिहिले आहे तो तपशील केवळ मिशनच्या वाचकासाठी नाही. ज्या हिंदू आप्तांना त्यांचे धर्मांतर एका दिवसातली भ्रष्टता वाटत होती, त्यांना ते वर्षानुवर्षांच्या मंथनाचे फळ होते हे दाखवून देण्याची तळमळ त्यामागे आहे.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत प्रश्न उलट्या बाजूने उभा राहिला. त्यांचे आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या भ्रमंतीत गेले होते, भाऊ श्रीनिवासशास्त्री १८८० मध्ये ढाक्यात वारले आणि पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ मध्ये. त्यामुळे २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला तेव्हा दार लावून घेणारे रक्ताचे घर मागे उरलेच नव्हते. पुण्याच्या समाजाने ते काम केले. ज्या शहराने त्यांना विदुषी म्हणून मिरवले होते त्याच शहराला त्या एकाएकी परक्या झाल्या, आणि त्यांची बाजू घेऊन १८८५ मध्ये ‘सत्सार’ काढणारे जोतीराव फुले हे त्या वातावरणात अपवाद ठरले. परंतु रमाबाईंना जी ठेच अधिक खोल लागली ती नव्या घरातून लागली. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता; मनोरमेच्या नात्याने रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत आणि पत्रांतही तसेच संबोधत. या आजीबाईंना रमाबाईंमध्ये दिसत होती ती सांभाळून, वळण लावून वाढवायची नवशिकी, तर रमाबाई संस्कृत शास्त्रांत तयार झालेल्या, पंचवीस-सव्वीस वर्षांच्या आणि स्वतः ठरवून विश्वासात आलेल्या बाई होत्या. इंग्लंडमध्ये तरुण पुरुषांना शिकवावे की नाही, यावर हिंदुस्थानातल्या बिशपांचे मत मागवले गेले. मांसाहार न करण्याचा त्यांचा निश्चय जातीचा उरलेला अहंकार मानला गेला. वाँटेजच्या भगिनीमंडळाच्या क्रुसावर लॅटिनमध्ये कोरलेली अक्षरे त्यांना परकी वाटली आणि तेथे संस्कृत असावे असे त्यांना वाटले, तर त्यातही हट्टच दिसला. ख्रिस्ताच्या देवत्वाविषयीच्या आणि चर्चच्या अधिकाराविषयीच्या त्यांच्या शंका हे तर अधोगतीचेच लक्षण ठरले. विवेकाचे स्वातंत्र्य मिळवण्यासाठी ज्या घराबाहेर पडल्या त्यांना नव्या घराने तेच स्वातंत्र्य रेशनासारखे मोजून द्यावे, ही गोष्ट रमाबाईंनी मुकाट्याने सोसली नाही. त्यांनी पत्रांतून स्पष्ट उत्तरे दिली, आणि त्या उत्तरांत प्रेम कोठेही कमी झालेले दिसत नाही, हे त्यांचे मोठेपण. सिस्टर जेराल्डिन यांनी तो सर्व पत्रव्यवहार जपून ठेवला म्हणूनच तो आज वाचता येतो, आणि हे श्रेय त्यांच्या पदरात टाकलेच पाहिजे.

पुढे १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले शारदा सदन, म्हणजे रमाबाईंची विधवा मुलींसाठीची निवासी शाळा, पुण्यात आले, मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्याने १८९३ मध्ये सल्लागार मंडळातील रानडे-भांडारकरांसारख्या सुधारकांनीही अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली नेल्या. रमाबाईंनी १९०७ मधील आपल्या साक्षीत असे सांगितले आहे की प्रथम आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त त्यानंतर काही वर्षांनी मिळाला. हा कबुलीजबाब वाचताना लक्षात येते की ज्या बदलावरून पुण्याने त्यांना टाकले आणि ज्यावरून वाँटेजने त्यांना जवळ केले, तो त्यांच्या स्वतःच्या लेखी अजून अर्धाच होता. त्यांच्या खऱ्या वाढीची वेळ दोन्हीकडच्यांना चुकली.

वरील उदाहरणे उच्चवर्णीयांची आहेत, कारण ज्यांनी लिहिले त्यांचा इतिहास उरला. संख्येने पाहिले तर अहमदनगर भागातील मंडळ्या मुख्यतः महार आणि मांग समाजातून उभ्या राहिल्या, आणि तेथे बहुधा एकटा माणूस घर सोडून येत नसे. भावकी, म्हणजे एका कुळाचा गोतावळा, बरोबर किंवा मागोमाग येई. त्यामुळे पती एकीकडे आणि पत्नी दुसरीकडे अशी ताटातूट त्यांच्यात तुलनेने कमी घडली, पण ओळख नाकारली जाण्याचे दुःख कमी नव्हते. मेलेली जनावरे ओढण्याचे आणि वेसकरकीचे, म्हणजे गावच्या वेशीच्या राखणीचे, काम ज्यांच्याकडे वंशपरंपरेने होते त्यांच्यातला कोणी लिहायला शिकला, दारू सोडून राहिला, मृतमांस नको म्हणू लागला, की गावाला ती वाढ न दिसता उर्मटपणा दिसे, आणि त्याची हाक, त्याचे नाव, त्याची पाणवठ्यावरची जागा पूर्वीचीच राही. या माणसांनी ‘अरुणोदय’ लिहिला नाही. त्यांची साक्ष उभी राहिली ती मिशनच्या शाळांतून शिकवणाऱ्या पंतोजींच्या आणि खेडोपाडी हिंडणाऱ्या प्रचारकांच्या कामात.

नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या घरात हा सगळा इतिहास एका संसारात मावला आहे. टिळकांचा जन्म १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. लक्ष्मीबाईंचा १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरचा. लक्ष्मीबाईंच्या माहेरी सोवळ्याचा कडेलोट होता. १८५७ नंतर आजोबांना फाशी झाल्याच्या धक्क्याने वडिलांच्या मनात विटाळाची अशी धास्ती बसली की घरात येणारी वस्तू धुतल्याखेरीज स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडत नसे. अशा घरातून आलेल्या मुलीचा पती, कवी, वक्ता, शीघ्रकोपी आणि एका जागी न टिकणारा, राजनांदगावच्या आगगाडीत भेटलेल्या एका परदेशी गृहस्थाने दिलेला नवा करार वाचत सुटला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्याने बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लहानग्या मुलासह नातलगांच्या आश्रयाला राहिल्या आणि सुमारे साडेचार वर्षे दोघे दुरावलेले होते. या काळात आप्तांना टिळक भ्रमिष्ट वाटत होते, आणि त्यांच्या पूर्वीच्या लहरी पाहता तसे वाटण्याला आधार होता, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. ज्या माणसाने आयुष्यात दहा वेळा नवे खूळ घेतले त्याचे अकरावे खूळ हे खूळ नसून परिवर्तन आहे, हे पत्नीने कशावरून ओळखावे?

ते ओळखण्यासाठी लक्ष्मीबाईंना एकत्र राहावे लागले. त्या अहमदनगरला आल्या तेव्हा ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. त्यांचा स्वयंपाक वेगळा होता, सोवळे वेगळे होते, पतीशी भांडण चालू होते आणि प्रेमही चालू होते. दुष्काळ आणि प्लेगच्या त्या दिवसांत अनाथ मुले, आजारी माणसे आणि नाना जातींचे पाहुणे या घरात येत गेले, आणि उपदेशाने जे हलले नव्हते ते अशा सहवासात हलले. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, हा विचार लक्ष्मीबाईंना कोणी पटवून दिला नाही. तो त्यांच्या मनात आपोआप उजाडला, आणि बाप्तिस्म्याच्या आधीच त्यांनी कोणाच्याही हातचे खायचे ठरवले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या धर्मांतराला तोवर पाच वर्षे होऊन गेली होती.

टिळकांचे चरित्रकार बहुधा येथे थांबतात आणि हे पतीच्या चिकाटीचे यश मानतात, पण हा निष्कर्ष अपुरा आहे. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख टिळकांनीच करून दिली खरी, तरी त्यांच्यातून एक स्वतंत्र, विनोदी आणि निर्भय बुद्धीची लेखिका वाढते आहे याचा पुरता अंदाज टिळकांनाही दीर्घकाळ आला होता असे ‘स्मृतिचित्रे’ हे लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र वाचून वाटत नाही. टिळकांना त्या बऱ्याच वेळा पूर्वीच्याच अडाणी, हट्टी मनकर्णिका (हे त्यांचे माहेरचे नाव) वाटत राहिल्या. मिशननेही टिळकांच्या पुढच्या वाढीला सहज जागा दिली नाही. अभंग, कीर्तन, वारकरी भक्तीची भाषा आणि देशाभिमान यांतून ते जो ख्रिस्त पाहत होते तो मिशनच्या चौकटीत बसेना. अखेर १९१७ मध्ये पगारी काम सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभारला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही सामील होऊ शकत होते. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

येशूचे चरित्र ओवीबद्ध करण्याचे त्यांचे ‘ख्रिस्तायन’ तेव्हा थोड्याच अध्यायांपर्यंत आले होते. ते पुढे नेण्यासाठी कोणा शिष्याची किंवा पाळकाची निवड झाली नाही. लक्ष्मीबाईंनीच ते हाती घेतले, आणि आज जे ‘ख्रिस्तायन’ वाचायला मिळते त्याचे बहुसंख्य अध्याय त्यांचे आहेत. ‘स्मृतिचित्रे’चे भाग १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले, आणि १९३६ मध्येच त्या वारल्या. नातलगांच्या घरी असताना टिळकांच्या बाप्तिस्म्याची बातमी कळल्यावर झालेला आकांत त्यांनी या पुस्तकात लिहून ठेवला आहे, आणि तो लिहिताना त्या वेळच्या नातलगांपैकी कोणालाही त्यांनी दोष दिलेला नाही.